नामदार श्रीनिवास शास्त्री

दक्षिण भारतात कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी पसरते. तिच्या पाण्यावर पोसलेला तंजावरचा मुलूख भातशेतीसाठी, देवळांसाठी आणि विद्येसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांच्या वंशजांनी या मुलखावर सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. याच मुलखात कुंभकोणम् शहराजवळ वलंगैमान नावाचे एक गाव आहे. तेथे २२ सप्टेंबर १८६९ रोजी एका गरीब भिक्षुकाच्या घरी श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, दूर पश्चिमेला पोरबंदर येथे, महात्मा गांधी जन्मास आले. पुढे या दोन समवयस्कांचा जन्मभराचा स्नेह जडला.

श्रीनिवासांच्या घरी पैशाची नेहमीच ओढाताण असे. विद्येला मात्र तेथे मान होता. घरची भाषा तमिळ, आणि वडिलांची वृत्ती भिक्षुकीची. त्यामुळे संस्कृत श्लोक आणि मंत्र लहानपणापासून कानांवर पडत. वेदमंत्र म्हणणाऱ्यांच्या परंपरेत उच्चाराला फार महत्त्व आहे. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला, एखादा स्वर चढवायचा तो उतरवला, तर तो दोष मानतात आणि गुरू शिष्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावतो. शब्द नुसता आठवून भागत नाही, तो जसाच्या तसा उच्चारला पाहिजे, ही जाणीव अशा घरातील मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही.

पुढे शिक्षणासाठी श्रीनिवास कुंभकोणम् येथील इंग्रजी शाळेत आणि नंतर तेथील सरकारी महाविद्यालयात गेले. तेथे त्यांची गाठ एका अगदी निराळ्या भाषेशी पडली. आपली देवनागरी लिपी वाचताना फारसा घोटाळा होत नाही. जे अक्षर समोर दिसते त्याचा ठरलेला उच्चार करायचा, एवढेच काम असते. इंग्रजीत तसे नाही. त्या भाषेत अक्षरे २६, पण मूळ ध्वनी मात्र ४० हून अधिक. त्यामुळे एकाच अक्षराला अनेक ध्वनींचे काम करावे लागते. ‘पुट’ आणि ‘बट’ या दोन शब्दांत मधले अक्षर एकच, परंतु उच्चार दोन. ‘नाइफ’ या शब्दातील पहिले अक्षर तर लिहायचे असते, उच्चारायचे नसते. ‘थिंक’ या शब्दातील पहिला ध्वनी आपल्या ‘थ’सारखा नाही, जिभेचे टोक दातांमध्ये हलकेच धरून तेथून वारा सोडला म्हणजे तो उमटतो. आपण एकाच ‘व’ने ज्यांची बोळवण करतो ते दोन ध्वनी इंग्रजीत वेगळे आहेत. एकासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात, दुसऱ्यासाठी दोन्ही ओठांचा चंबू करावा लागतो.

याहूनही अवघड गोष्ट म्हणजे आघात. इंग्रजीतील बहुतेक मोठ्या शब्दांत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अवयव दबून जातात. हा जोर कोठे द्यायचा हे शब्द पाहून सहज कळत नाही. ‘फोटोग्राफ’ या शब्दात तो आरंभी असतो. त्याचाच ‘फोटोग्राफर’ झाला की तो एक पाऊल पुढे सरकतो. जोर चुकीच्या जागी पडला, तर प्रत्येक अक्षर शुद्ध उच्चारूनही ऐकणारा क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे इंग्रजी उत्तम लिहिणारी अनेक माणसे बोलताना अडखळतात, त्याचे एक कारण हे आहे.

श्रीनिवास शास्त्री शिकत होते त्या काळी रेडिओ नव्हता आणि उच्चार ऐकवणारी कोणतीही यंत्रे शाळांत नव्हती. शिक्षकांचे बोलणे, चांगले ग्रंथ आणि शब्दकोश एवढीच साधने होती. शब्दाचा अर्थ, त्याचे वर्णलेखन आणि त्यावरील आघात या तिन्ही गोष्टींची खात्री झाल्याशिवाय तो शब्द आपला मानायचा नाही, अशी शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली. विशी ओलांडण्यापूर्वीच ते पदवीधर झाले. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषांत त्यांनी उत्तम प्रावीण्य मिळवले होते.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. सेलम् येथे काही वर्षे काम करून ते मद्रासला आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. इंग्रजीचे शिक्षक म्हणून त्यांची कीर्ती तेव्हापासूनच पसरू लागली. परंतु त्यांचे लक्ष केवळ वर्गापुरते नव्हते. शिक्षकांनी एकत्र यावे, आपल्या अडचणींचा व अध्यापनाच्या पद्धतींचा विचार करावा, म्हणून मद्रासमध्ये शिक्षकांची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सामान्य माणसाला रास्त भावात किराणा मिळावा म्हणून ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली एक सहकारी भांडार निघाले, त्याच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. भारतातील ग्राहक सहकारी चळवळीच्या आरंभीच्या संस्थांत या भांडाराची गणना होते.

याच सुमारास पुण्यात एक नवी संस्था जन्मास आली होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशाच्या कार्याला सारे आयुष्य वाहून घेतील, आणि त्याच्या मोबदल्यात केवळ निर्वाहापुरते वेतन घेतील, असे सुशिक्षित तरुण त्यांना हवे होते. या संस्थेची माहिती वाचून शास्त्री भारावून गेले. त्यांची नोकरी मानाची होती, संसार वाढता होता आणि घरची स्थिती बेताचीच होती. तरीही त्यांनी मुख्याध्यापकपद सोडले आणि १९०७ साली ते भारत सेवक समाजाचे सभासद झाले. कावेरीकाठच्या या विद्वानाचे मुळा-मुठेच्या काठच्या पुण्याशी असे नाते जुळले.

गोखल्यांच्या सहवासात शास्त्र्यांच्या वाणीला एक नवा संस्कार लाभला. गोखले हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या तालमीत तयार झालेले होते. एखाद्या विषयावर बोलायचे तर आधी सरकारी अहवाल वाचावेत, आकडे पडताळून पाहावेत, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घ्यावे, आणि मगच तोंड उघडावे, असा रानड्यांचा दंडक होता. कायदे कौन्सिलात गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले की सरकारचे मोठमोठे अधिकारी सावध होऊन ऐकत, ते या तयारीमुळेच. शुद्ध उच्चार आणि सुंदर भाषा शास्त्र्यांपाशी आधीपासूनच होती. बोललेल्या प्रत्येक वाक्याला पुराव्याचा आधार असला पाहिजे, हे त्यांनी गोखल्यांकडून घेतले. ते जन्मभर गोखल्यांना आपले गुरू मानीत आले. १९१५ साली गोखल्यांचे निधन झाले, तेव्हा समाजाचे अध्यक्षपद शास्त्र्यांकडे आले, आणि १९२७ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

१९१६ साली शास्त्री मध्यवर्ती कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. तेथे त्यांच्या वाणीची खरी कसोटी १९१९ साली लागली. त्या वर्षी सरकारने रौलट विधेयके मांडली. केवळ संशयावरून माणसाला अटक करावी, रीतसर चौकशीवाचून स्थानबद्ध ठेवावे, असे अधिकार त्यांतून सरकारला मिळणार होते. शास्त्री नेमस्त पक्षाचे होते. इंग्रज सरकारशी सनदशीर मार्गानेच भांडावे, असे त्यांचे मत होते. तरीही फेब्रुवारी महिन्यात त्यांनी या विधेयकांवर असे घणाघाती भाषण केले की सारे सभागृह स्तब्ध होऊन ऐकत राहिले.  निरपराध माणसाला अशा कायद्याचे भय कसे ग्रासते आणि साऱ्या देशाचे सार्वजनिक जीवन त्याने कसे कोमेजून जाते, हे त्यांनी एकेक पायरी चढत दाखवून दिले. प्रेक्षकांत महात्मा गांधी बसले होते. त्यांच्या मनावर या भाषणाचा खोल ठसा उमटला, आणि पुढे आपल्या आत्मकथेत त्यांनी त्याची नोंद केली. परंतु सरकारपाशी मतांचे बळ होते. निवडून आलेल्या भारतीय सभासदांचा विरोध डावलून मार्च महिन्यात कायदा मंजूर झाला. भाषणाची स्तुती खुद्द सरकारी बाजूच्या लोकांनीही केली. पण भाषणातील मागणी मात्र त्यांनी मानली नाही. हा अनुभव शास्त्र्यांच्या वाट्याला पुढे पुन्हा पुन्हा येणार होता.

त्याच वर्षी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, शास्त्री इंग्लंडला गेले. ज्या भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले होते, ती भाषा तेथील रस्त्यांवर किती निरनिराळ्या तऱ्हांनी बोलली जाते, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानात येई. आपल्याकडे कोकणातील, वऱ्हाडातील आणि पुण्याकडील मराठी जशी वेगळी ऐकू येते, तशीच इंग्लंडात उत्तरेकडची, पश्चिमेकडची आणि लंडनच्या गल्लीबोळांतील इंग्रजी वेगळी ऐकू येते. स्कॉटलंडच्या लोकांची तर ढब आणखी निराळी. परंतु त्या काळी तेथे एक विशेष गोष्ट होती. श्रीमंतांच्या नामांकित शाळांत आणि जुन्या विद्यापीठांत जे उच्चार रूढ होते त्यांनाच प्रतिष्ठित समजत, आणि माणसाने तोंड उघडताच त्याच्या उच्चारांवरून त्याची सामाजिक पायरी ठरवीत. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात याच वर्गाचे उच्चार नोंदवले होते. एखादा कष्टकरी कितीही शहाणपणाचे बोलला तरी त्याची ढब ऐकून लोक नाक मुरडीत.

जेथे स्वदेशीय माणसांचीही अशी पारख होई, तेथे पारतंत्र्यातील देशाचा एक माणूस बोलावयास उभा राहिला की ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच काही कल्पना असत. डोक्यावर पांढरे पागोटे, कपाळी गंध, सडसडीत बांधा आणि गंभीर चेहरा अशी शास्त्र्यांची मूर्ती व्यासपीठावर दिसे. हातवारे ते जवळजवळ करीतच नसत. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ घंटेसारखा होता, आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्दाचे शेवटचे अक्षरही पोहोचत असे. प्रतिष्ठित इंग्रजांच्या तऱ्हेची नक्कल करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. प्रत्येक ध्वनीला त्याचा न्याय द्यावा, आघात योग्य जागी पडावा, वाक्य जेथे थांबायला हवे तेथेच थांबावे, एवढेच ते पाहत. मुख्य म्हणजे जो अर्थ मनात आहे त्याहून अधिक किंवा उणा अर्थ शब्दातून जाऊ नये, याकडे त्यांचे डोळ्यांत तेल घालून लक्ष असे. ऑक्सफर्ड येथील बॅलिऑल महाविद्यालयाचे प्रमुख ए. एल. स्मिथ यांना त्यांचे भाषण ऐकल्यावर स्वतःच्याच मातृभाषेचे सौंदर्य नव्याने उमगले, असे सांगतात. ‘रुपेरी वाणीचे वक्ते’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली ती उगीच नव्हे.

१९२१ साली लंडनमध्ये ब्रिटिश साम्राज्यातील देशांची परिषद भरली. शास्त्री तेथे भारताचे एक प्रतिनिधी होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत त्या वेळी अनेक भारतीय स्थायिक झाले होते. ते तेथे कर भरीत, कायदे पाळीत. पण पुष्कळ ठिकाणी त्यांना मताचा किंवा बरोबरीच्या वागणुकीचा हक्क नव्हता. साम्राज्यात भारताला समान म्हणायचे आणि भारतीयांना मात्र हीन लेखायचे, ही विसंगती शास्त्र्यांनी परिषदेपुढे मांडली. स्थायिक भारतीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य करावेत, अशा आशयाचा ठराव परिषदेने स्वीकारला. केवळ दक्षिण आफ्रिकेने त्याला संमती दिली नाही. त्याच वर्षी लंडन शहराने शास्त्र्यांना नागरिकत्वाचा मान दिला आणि त्यांची नेमणूक प्रिव्ही कौन्सिलावर झाली. जिनिव्हा येथील राष्ट्रसंघात व वॉशिंग्टन येथील आरमार-कपातीच्या परिषदेतही त्यांनी भारताची बाजू सांभाळली.

परिषदेतील ठराव कागदावरच राहू नये म्हणून १९२२ साली शास्त्र्यांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांचा दौरा केला. प्रकृती नाजूक असताना त्यांनी महिनोन्‌महिने आगबोटीने व आगगाडीने प्रवास केला आणि गावोगावी व्याख्याने दिली. ऑस्ट्रेलियात त्याचे फळ दिसले. १९२५ साली तेथील कायद्यात बदल होऊन ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना मध्यवर्ती निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला. कॅनडात मात्र ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आपला हेका सोडला नाही; तेथील भारतीयांना मतासाठी १९४७ पर्यंत वाट पाहावी लागली.

या दौऱ्याबद्दल मायदेशात सर्वांनीच शास्त्र्यांचे कौतुक केले असे नाही. १९२२ च्या मार्च महिन्यात गांधीजींना अटक होऊन त्यांना सहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली होती. हजारो सत्याग्रही तुरुंगात होते. अशा वेळी सरकारच्या वतीने परदेशांत हिंडणाऱ्या शास्त्र्यांवर अनेकांनी कठोर टीका केली. गोड इंग्रजी बोलून कोठे स्वराज्य मिळते काय, असे लोक विचारू लागले. या प्रश्नात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही, आणि त्याचे एक कडू उत्तर शास्त्र्यांना पुढच्याच वर्षी मिळाले.

आफ्रिकेतील केनिया या वसाहतीत भारतीयांची संख्या गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती. तेथील राज्यकारभारात त्यांना न्याय्य वाटा मिळावा म्हणून १९२३ साली शास्त्री एक शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. आजारी असतानाही त्यांनी मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, सभा केल्या, लेख लिहिले. पण निर्णय विरुद्ध गेला. केनियातील उंचवट्यावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठीच राखून ठेवण्यात आली. कायदे कौन्सिलात गोऱ्यांना ११ निर्वाचित जागा, तर भारतीयांना स्वतंत्र मतदारसंघातून केवळ ५ जागा मिळाल्या. ज्या इंग्रजांनी शास्त्र्यांच्या भाषेची मनापासून वाखाणणी केली, त्यांच्याच सरकारने त्यांची न्यायाची मागणी बाजूला सारली. शास्त्र्यांना हा आघात जिव्हारी लागला. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला होता. तो विश्वास डळमळीत झाला आहे, हे त्यांनी जाहीरपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्या अचूक भाषेत ते इंग्रजांची बाजू समजून घेत, तितक्याच अचूक भाषेत त्यांनी इंग्रजांना दोषही दिला.

तरीही त्यांनी काम सोडले नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी १८६० पासून भारतीय मजूर नेले जात असत. त्यांची मुले-नातवंडे तेथेच वाढली. पण गोऱ्या सरकारच्या वर्णभेदी कायद्यांखाली ती भरडली जात होती. गांधीजींनी सत्याग्रहाचा पहिला प्रयोग केला तो याच भूमीवर. १९२७ साली भारत आणि दक्षिण आफ्रिका या दोन सरकारांत केपटाऊन येथे एक करार झाला, आणि त्यानुसार भारत सरकारचा एक प्रतिनिधी तेथे ठेवण्याचे ठरले. या जागी शास्त्र्यांनी जावे असा गांधीजींनी आग्रह धरला. दोघांचे राजकीय मार्ग भिन्न होते, परंतु गांधीजींचा शास्त्र्यांच्या सचोटीवर पूर्ण भरवसा होता. शास्त्री गेले आणि १९२९ पर्यंत त्यांनी तेथे काम केले.

दक्षिण आफ्रिकेत शास्त्र्यांची व्याख्याने ऐकण्यास गोरे लोकही गर्दी करीत. ज्या माणसाला त्याच्या वर्णामुळे त्यांच्या उपाहारगृहांत सहज प्रवेश मिळाला नसता, त्याच्याकडून ते आपल्याच भाषेतील वाङ्मयाविषयी आणि भारतीय तत्त्वज्ञानाविषयी ऐकत. पण सर्वत्र असे स्वागत झाले नाही. ट्रान्सवालमधील क्लर्क्सडॉर्प गावी काही गोऱ्यांनी दांडगाई करून त्यांची सभा उधळून लावली. शास्त्री डगमगले नाहीत, की त्यांच्या बोलण्यात कडवटपणाही आला नाही. त्यांनी आपला दौरा तसाच चालू ठेवला.

व्याख्यानांनी मने थोडीफार निवळतात, पण पुढच्या पिढीच्या हाती काही ठोस पडले पाहिजे, हे त्या जुन्या मुख्याध्यापकाने ओळखले. नाताळमधील भारतीय मुलांना माध्यमिक शिक्षणाची पुरेशी सोय नव्हती. शास्त्र्यांनी तेथील भारतीय समाजाकडून वर्गणी जमा केली, सरकारकडून जागा व मान्यता मिळवली, आणि डर्बन शहरात एक मोठी शाळा उभी राहिली. १९२९ साली ती सुरू झाली. लोकांनी तिला ‘शास्त्री कॉलेज’ असे नाव दिले. मळ्यांवरील मजुरांच्या आणि लहान दुकानदारांच्या घरांतील कित्येक पिढ्या या शाळेत शिकून शिक्षक, वकील व डॉक्टर झाल्या.

मानमरातबाच्या बाबतीत शास्त्री नेहमीच अलिप्त राहिले. १९२८ साली सरकारने त्यांना ‘सर’ ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. भाषेच्या सेवेतही त्यांनी नावाची हाव धरली नाही. गांधीजींची आत्मकथा मूळ गुजरातीत असून तिचे इंग्रजी भाषांतर महादेवभाई देसाई यांनी केले आहे. त्या भाषांतराची भाषा कोणा जाणकाराने तपासून द्यावी असे ठरले, तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्याने ते काम अंगावर घेतले. मात्र आपले नाव कोठेही छापायचे नाही, अशी अट घातली. १९४० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत महादेवभाईंनी नाव न घेताच त्यांचे आभार मानले आहेत. ते स्नेही म्हणजे श्रीनिवास शास्त्रीच होत. गांधीजींच्या ‘हरिजन’ पत्रातील इंग्रजीच्या चुकाही ते न संकोचता दाखवून देत, आणि गांधीजी त्या आनंदाने ऐकून घेत.

१९३५ ते १९४० या काळात शास्त्री अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९४० साली मद्रास सरकारने शास्त्रीय विषयांसाठी देशी भाषांत परिभाषा ठरविण्याकरिता एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. या समितीचा कल संस्कृत शब्दांकडे अधिक आहे, तमिळला तिचे स्वतःचे शब्द मिळाले पाहिजेत, अशी हरकत अनेक तमिळ अभिमान्यांनी घेतली. ही हरकत निराधार नव्हती. परकीय भाषेवर प्रभुत्व मिळवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनाही आपल्या मातृभाषेत शास्त्र कसे सांगावे हा प्रश्न सहजासहजी सोडवता आला नाही, यावरून तो किती गहन आहे हे दिसून येते.

अखेरच्या काळात हृदयविकाराने शास्त्र्यांचे शरीर खंगले होते. तरी १९४४ साली त्यांनी मद्रास येथे वाल्मीकिरामायणावर तीस व्याख्यानांची माला गुंफली. श्रीरामाला देव म्हणून न पाहता एक थोर माणूस म्हणून पाहावे, त्याचे दुःख, त्याचा मोह आणि त्याचे कर्तव्य समजून घ्यावे, हा त्यांचा दृष्टिकोन होता. बालपणी वडिलांच्या घरी कानावर पडलेले संस्कृत आणि पुढे कष्टाने कमावलेली इंग्रजी यांचा संगम या व्याख्यानांत झाला. लोक मोठ्या संख्येने येत आणि निःशब्द होऊन ऐकत.

१९४६ च्या जानेवारीत गांधीजी मद्रासला आले असता मुद्दाम रुग्णालयात जाऊन शास्त्र्यांना भेटले. जन्माने दहा दिवसांनी वडील असलेल्या या गुरुबंधूला ते थोरल्या भावाप्रमाणे मानीत. १७ एप्रिल १९४६ रोजी श्रीनिवास शास्त्र्यांचे निधन झाले. त्यानंतर सोळा महिन्यांनी भारत स्वतंत्र झाला.

स्वराज्य केवळ भाषणांनी आले नाही. त्यासाठी असंख्य लोकांना तुरुंग, लाठी आणि मृत्यू यांना सामोरे जावे लागले. शास्त्र्यांच्या अनेक मागण्या त्यांच्या हयातीत फेटाळल्या गेल्या, हेही खरे. परंतु भारतीय माणूस परकीयांच्या भाषेत बोबडे बोलतो, म्हणून त्याचे म्हणणे ऐकण्याचे कारण नाही, ही सबब त्यांनी कोणालाही उरू दिली नाही. ऐकणाऱ्यांना जो नकार द्यायचा होता, तो त्यांना उघडपणे, न्याय डावलून द्यावा लागला. शिकण्यासाठी परदेशी न जाता, कावेरीकाठच्या एका शाळेत त्यांनी ही भाषा कमावली. आणि तिचा उपयोग मोठेपणा मिरवण्यासाठी न करता, समुद्रापलीकडे राबणाऱ्या आणि स्वतःची कैफियत मांडू न शकणाऱ्या आपल्या बांधवांसाठी केला.